आक्काच्या गालातलं गोंदण

आक्काचं तोंड बंद करणं आमच्या घराण्यात कुणालाही कधी जमलं नाही. वडिलांनी हात टेकले, दाजींनी टेकले, आणि मी तर तिच्या बडबडीतच लहानाची मोठी झाले. ते काम शेवटी तिच्या उजव्या गालातल्या एका फोडाने केलं. आधी आत नुसता पांढरा चट्टा होता, मग जखम झाली, मग गालाला बाहेरून टणक सूज आली. ती माझ्याकडे आली तेव्हा तिचं तोंड जेमतेम बोटभर उघडत होतं. चहा बशीत ओतायचा, बशी ओठाला लावायची आणि कडेकडेने आत ओढायचा.

"कधीपासून गं हे?" मी ओरडलेच.

"दाढ हाय," ती दातांच्या फटीतून म्हणाली. "तीच टोचायली. उगं बोंबलू नको."

आक्का माझी थोरली बहीण. आम्हा दोघींत एवढं अंतर की तिच्या लग्नात मी कडेवर होते. पुढे आई गेली आणि आक्काने मला स्वतःच्या सासरी नेलं. नव्या सुनेने धाकटी बहीण सोबत आणावी हे कुणालाच रुचलं नव्हतं, पण आक्काशी वाद घालायला तिथे कुणाला फुरसत होती? खुलताबादच्या डोंगराखाली त्यांची वस्ती. आमची माणसं मेंढरांमागची; पावसाळा सरला की बिऱ्हाड घोड्यावर टाकून निघायची. आता कळप राहिला नाही. दाजी वारले, भाचा एका कंपनीत कामाला लागला आणि आक्काकडे चार शेळ्या उरल्या. मला तिने हट्टाने शाळेत घातलं, शहरात दिलं, आणि मी औरंगपुऱ्यातल्या एका गल्लीत ब्लाऊज शिवायचं दुकान टाकलं. सणावाराला बायका माहेरी जातात तशी मी आक्काकडे जाते. दुसरं माहेर मला नाही.

दाढेचा दवाखाना झाला, तिथून त्यांनी कॅन्सरच्या दवाखान्यात पाठवलं, तिथे गालातला तुकडा काढून तपासला आणि कॅन्सरच निघाला. आक्काला मिसरीची जुनी सवय. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, बोटाने दातांना चोळायची, आणि दात घासून झाले तरी एक चिमूट गालात ठेवूनच शेळ्यांमागे जायची. त्याच गालात हे उगवलं होतं.

ऑपरेशन करणारी डॉक्टर तरुण मुलगी होती. बारीक, चष्मा लावलेली, बोलायला गोड. तिने आम्हाला समोर बसवून सांगितलं की गाठ मोठी आहे, वरच्या अंगाने जबड्याच्या सांध्याकडे सरकली आहे. आत्ता कापायला घेतलं तर सगळी निघेल अशी खात्री देता येत नाही. म्हणून आधी दोन-तीन औषधं एकत्र करून किमो द्यायची, गाठ आटवायची, मग ऑपरेशन आणि त्यानंतर लाइट, म्हणजे मशीनच्या किरणांचा शेक. आक्काने माझ्याकडे बघितलं. तिला एवढंच कळलं की आजच कापत नाहीत, आणि ती खूश झाली.

मला मात्र नीट कळलं असं मला वाटलं. ब्लाऊजचं अस्तर आम्ही आधी पाण्यात भिजवतो, वाळवतो, आटू देतो आणि मगच कापतो. मी डॉक्टरला तसंच विचारलं, "म्हणजे आटली की कमी कापावं लागेल?"

"नाही ना," ती म्हणाली. "तिथेच सगळे फसतात. वरून आटलेली दिसते, पण मधेमधे तिचे थोडे थोडे कण जीव धरून राहिलेले असतात. आज ती जिथवर आहे तिथवरचं सगळं मला काढावंच लागणार. पण तीन महिन्यांनी ती कुठवर होती हे मला कसं दिसणार? म्हणून आत्ताच तिच्या कडेने खुणा करून ठेवते."

खडूची खूण! मला पटलं. कापायची रेघ आधी मारून ठेवायची, मग कापड कसंही आटो. त्या पोरीबद्दल मला तिथेच आदर वाटायला लागला.

खुणा करायच्या दिवशी मला आत उभं राहू दिलं. आक्का खुर्चीवर मान मागे टाकून बसली होती, खुर्चीची दांडी गच्च धरून. डॉक्टरने आधी जागा बधिर केली. मग बारीक सुई घेतली, सुईच्या टोकाला काळी शाई. आक्काने डोळे तिरपे करून ते बघितलं आणि तिची पकड एकदम सैल झाली.

"गोंदायलीस व्हय?" तिने विचारलं.

"हो मावशी, तसंच समजा," डॉक्टर हसून म्हणाली. "हलू नका हं."

आक्काच्या अंगावर गोंदण काय कमी आहे? हनुवटीवर ठिपका, दोन्ही हातांवर तुळस आणि चुली, पोटऱ्यांवर विंचू. लहानपणी बिऱ्हाडावर गोंदणारी बाई यायची. एक जण पोरीला मांडीवर दाबून धरायची आणि ती बाई गाणं म्हणत सुया टोचायची, म्हणजे पोरीचं ध्यान गाण्याकडे राहतं. मला गोंदवायची पाळी आली तेव्हा मी चावले होते, म्हणून माझा हात कोराच राहिला. आक्काला ते सगळं आठवलं असणार. तशा उघड्या तोंडाने, लाळ गळत असताना ती डॉक्टरला म्हणाली, "मंग गानं म्हन की."

डॉक्टर हसली, सिस्टर हसली, मीही हसले. गालाच्या आत, जखमेच्या भोवतीने काळे ठिपके उमटले. आक्का एखाद्या सणाला बसावी तशी निवांत बसली होती. तिची भीती गेली याचाच मला आनंद झाला आणि पुढचं काही माझ्या डोक्यात आलं नाही.

किमो सुरू झाली. दवाखान्यात भरती व्हायचं, एकामागून एक बाटल्या चढायच्या, एक औषध तर कित्येक तास थेंबथेंब चालू राहायचं. मग माझ्या घरी यायचं, वीस-एक दिवस जपून राहायचं, की पुन्हा भरती. पहिल्या खेपेला आक्काने पाणीसुद्धा पोटात ठेवलं नाही. जुलाब झाले, तोंड आलं, ताप चढला, पेशी उतरल्या म्हणून पुन्हा धावपळ. तापात ती आईला हाक मारायची आणि मी ओ द्यायचे. आमचे हे तसे घरकामाला हात न लावणारे, पण त्या दिवसांत आक्कासाठी मुगाचं कढण तेच करायचे आणि मला त्यात हातही घालू द्यायचे नाहीत, म्हणायचे, "तुझ्या हातचं तिखट असतं."

मग केस गेले. उशीवर झुबके पडायला लागले तशी आक्का म्हणाली, "आण तुही कात्री." दुकानातल्या कात्रीने मी तिचे उरलेले केस कापले. कापताना माझेच डोळे भरून आले, तर ही बया डोक्यावरून हात फिरवून म्हणते, "आजवर मेंढरं कातरली. आता मी बी कातरले गेले. लोकर ठिऊन दी, घोंगडं व्हईल." मी तिला एक चापट मारली. आजारी माणसाला मारू नये हे मला कळतं, पण आक्का तशीच आहे.

दुसरी किमो झाल्यावर काही दिवसांनी मी सकाळी काजं करत बसले होते आणि आक्का भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होती. बघता बघता तिला जांभई आली. साधी जांभई! पण केवढी! आ करून, अगदी पडजीभ दिसेल अशी. तिचं तिलाच कळलं नाही. मी सुई टाकून उठले, तिच्या तोंडापुढे माझी तीन बोटं उभी धरली, डॉक्टर मोजायची तशी, आणि ती तिन्ही आत गेली. आम्ही दोघी एकमेकींचे हात धरून बसलो, आणि मग मी तिला दुधात कुस्करून भाकरी दिली. कितीतरी महिन्यांनी तिने भाकरी खाल्ली. दुपारी ती पुन्हा अखंड बोलायला लागली आणि संध्याकाळपर्यंत माझं डोकं दुखायला लागलं. इतकं छान डोकं माझं कधी दुखलं नव्हतं.

तिसऱ्या खेपेनंतर तपासणी झाली. गालाची सूज गेली होती, जखम भरली होती, फोटोतही गाठ खूप आटलेली होती. डॉक्टर पोरगी खुर्चीतून उठूनच आली. "मावशी, फार छान साथ दिलीत," म्हणाली आणि ऑपरेशनची तारीख दिली. मधल्या दिवसांत अंगात ताकद यावी म्हणून जरा खा-प्या, म्हणाली. आक्का म्हणाली, "चार दिस शेळ्या बघून येते." भाचा येऊन तिला घेऊन गेला.

तारीख जवळ आली आणि भाच्याचा फोन आला.

"मावशी, आई नाय म्हनती."

"काय नाही म्हणते?"

"आपरेशन. म्हनती, बरं झालं, आता काय कापायचं?"

मी त्याला फोनवरच झापलं. आक्का फोनवर यायलाच तयार नव्हती. तारीख आली तशी गेली. मी एकटीच डॉक्टरकडे गेले आणि अपराध्यासारखी उभी राहिले. ती चिडली नाही, पण तिचा चेहरा उतरला.

"गाठ झोपली आहे, मेलेली नाही," ती म्हणाली. "किमोचा जोर ओसरला की ती पुन्हा उठणार. आणि या वेळी उठली तर बहुधा मला कापता येणार नाही, आणि हीच औषधं पुन्हा इतकी लागू पडतील असंही नाही. अजून दिवस आहेत, पण थोडेच. मी पुढची तारीख लिहून ठेवते. त्यांना आणा."

दुकान बंद करून मी वस्ती गाठली. तर तिथे कंदुरी! भाच्याने आईसाठी दर्ग्याला बोकड बोलला होता आणि तो फेडला होता. चुलाणावर मोठा टोप चढलेला, शेजारपाजारच्या बाया भाकऱ्या थापत बसलेल्या, पुरुष लिंबाखाली. आक्का मधोमध सतरंजीवर बसली होती, डोक्याला पदर घट्ट गुंडाळून. तिच्यापुढे बाया ओळीने येत होत्या, ती आ करत होती आणि एक जण मोबाईलचा उजेड आत पाडत होती.

"दिसले का ठिपके?" आक्का विचारत होती. "समदं गिळलं त्यांनी. आत काय बी राह्यलं नाय."

मी दारातच थांबले. तेव्हा मला उलगडा झाला. आमच्यात गुडघा दुखला, कोपर धरलं की दुखऱ्या जागेवर ठिपके गोंदतात. गोंदलं की दुखणं उतरतं म्हणतात. आक्काच्या डाव्या गुडघ्यावर तसं गोलाकार गोंदण आहे. तो गुडघा परत कधी दुखला नाही असं ती हजारदा सांगते. डॉक्टरने दुखऱ्या जागेभोवती सुईने ठिपके गोंदले आणि दुखणं गेलं. आक्काच्या लेखी याच्यात न कळण्यासारखं काही नव्हतंच.

जेवणं होईपर्यंत मी कळ काढली. मग तिला शेळ्यांच्या गोठ्यामागे घेऊन गेले.

"आक्का, ते औषध नव्हतं. ती खूण होती. गाठ किमोने आटली."

"किमो म्हंजी त्या सलाईनी?"

"हो."

"त्यानं तर ओकून ओकून माह्यी आतडी बाहेर यायची राह्यली. केसं गेली. नखं काळी पडली. ज्यानं एवढं वाटोळं केलं त्यानं गाल बरा केला म्हनतीस?"

"तसंच असतं ते! औषध दोन्हीकडे लागतं."

"आन हे ठिपके? त्यांनी तर काय बी त्रास दिला नाय."

मी माझा हुकमी एक्का काढला. "माझ्या दुकानात बघतेस ना, कापडावर खडूने रेघ मारते आणि मग त्या रेघेवरून कापते? तशी डॉक्टरने रेघ मारलीय. कापायसाठीच मारलीय."

आक्काने माझ्याकडे लहान मुलीकडे बघावं तसं बघितलं. "खडू झटकला का जातो, बारके. गोंदन जात नाय. मानूस मेलं तरी जात नाय, देवाघरी तेवढंच संगं येतं. कापून टाकायसाठी कोन कदी गोंदतं का? तूच सांग."

मी पुन्हा खडूचंच सांगायला लागले.

"औषध लागू झालं," ती शांतपणे म्हणाली, "आन आता ते औषधच कापून काढायचं म्हनता. मंग दुखनं परत नाय का येनार?"

यापुढे मी काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. अडाणी म्हणाले, हट्टी म्हणाले, मरायचंय तर खुशाल मर म्हणाले. आक्काने एका शब्दाने उलटून उत्तर दिलं नाही, आणि त्याने मी आणखीच पेटले. आणि मग बोलता बोलता माझा आवाज फाटला आणि मी रडायला लागले. हुंदके नाही, चांगला गळा काढून, भर दुपारी, एवढ्या माणसांत. मी खाली मातीतच बसले. "तू गेलीस तर मी कुणाकडे येऊ गं? मला कोण आहे? कुणाच्या दारात येऊन भांडू?" असं काहीबाही बोलत होते. पलीकडे बायांच्या भांड्यांचा आवाज थांबला. आक्काने मला उठवलं, पदराने माझं नाक पुसलं, तांब्याभर पाणी प्यायला लावलं. पण येते असं काही ती म्हणाली नाही. भाच्याने मला मोटारसायकलवर रस्त्यापर्यंत सोडलं आणि मी जीपमध्ये कोपऱ्यात बसून, दौलताबाद आलं-गेलं तरी मान वर न करता, परत आले.

दोन-चार दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. गिऱ्हाइकांची मापं चुकली, एकीच्या बाह्या दुसरीला लावल्या.

मग एके सकाळी शटर उघडायला गेले तर पायरीवर आक्का. काखेत गाठोडं, पुढ्यात शेळीच्या दुधाची बरणी. एवढ्या सकाळी कुठल्या गाडीने आली कोण जाणे.

"चल," ती म्हणाली. "काय कापायचं ते कापू दी."

माझा आनंद काय सांगू! मला वाटलं, आपण एवढं घसा फोडून समजावलं ते शेवटी हिच्या डोक्यात शिरलं. खडूचा मुद्दा तिने घरी बसून घोळवला असणार. मी गल्लीत सगळ्यांना सांगितलं की माणसाला त्याच्या समजेल अशा भाषेत सांगावं लागतं. शेजारच्या बांगड्यांच्या दुकानवाल्याने मान डोलावली. मी अगदी फुशारून गेले होते.

डॉक्टरने तपासलं आणि सुटकेचा श्वास टाकला. अजून वेळ गेलेली नव्हती. ऑपरेशनच्या सकाळी आक्का लवकर उठून, स्वतःच्या हाताने अंग धुऊन बसली. गाठोड्यात तिने मी दिवाळीला दिलेलं लुगडं आणलं होतं, कोरं, घडी न मोडलेलं. ते माझ्याकडे देऊन म्हणाली, "नीट ठिव. लागंल." मग गळ्यातली सोन्याच्या चार मण्यांची पोत काढून माझ्या मुठीत दिली. ठिपक्याची शेळी सुनेला द्यायची, तिच्यावर भाच्याने हक्क सांगू नये, असं सांगितलं. मी तिला दटावलं. "काही होत नाही, संध्याकाळी शुद्धीवर येशील आणि माझं डोकं खाशील." सगळेच घाबरतात, तशी तीही घाबरली आहे, एवढंच मला वाटलं.

डॉक्टर बघायला आली तेव्हा आक्काने तिला एकच प्रश्न विचारला. "समदे ठिपके काढशील?"

"हो मावशी. ठिपक्यांच्याही थोडं बाहेरून काढणार. एकही ठेवणार नाही."

"बरं," आक्का म्हणाली, आणि आपणहून स्ट्रेचरवर जाऊन आडवी झाली. दार लागेपर्यंत ती माझ्याकडे बघत होती. हसत नव्हती, रडतही नव्हती. मी हात हलवला, तर तिनेही हात हलवला.

सकाळी गेलेली ती दिवस मावळताना बाहेर आली. गाल, खालच्या जबड्याचा तुकडा, गळ्यातल्या गाठी, सगळं काढून छातीचं मांस-कातडं वर घेऊन आत लावलं होतं. चेहरा इतका सुजलेला की मी ओळखलंच नाही. नाकात नळी, गळ्याला भोक. पुढे कितीतरी दिवस तिला बोलता आलं नाही. मी सिरिंजने नळीतून दूध, डाळीचं पाणी सोडायचे आणि दोघींच्या वाटचं मीच बोलायचे. तिच्या जागी आपण बोलत राहिलं की घर किती रिकामं वाटतं हे मला तेव्हा कळलं. पहिल्यांदा शब्द फुटला तो घोगरा, बोबडा, लाळेत भिजलेला होता. माझ्याशिवाय कुणाला कळेना. ती शेळ्यांचं विचारत होती.

मग काढलेल्या मांसाचा रिपोर्ट आला. डॉक्टरने मला आत बोलावलं. कडा साऱ्या स्वच्छ निघाल्या होत्या. पण मधे, जिथे वरून चांगली कातडी आली होती तिथे, खाली दोन-तीन जागी गाठ बारीक बारीक जिवंत सापडली होती, आणि त्यातली एक तर अगदी ठिपक्याला खेटून. "वेळेवर आल्या त्या," डॉक्टर म्हणाली. "आता लाइट दिली की आपलं काम पूर्ण." बाहेर येऊन मी जिन्यात जरा वेळ बसले.

घरी आले तेव्हा आक्का गॅलरीत उन्हाला बसली होती. डोक्यावर नवी लव आली होती, वाकडा गाल एका बाजूने अजून फुगलेला होता. मी तिच्यापुढे बसून सगळं सांगितलं. आत काय होतं, किती होतं, कुठे होतं. सांगताना माझा स्वर जरा चढलाच असेल. इतक्या दिवसांचा वाद मी जिंकले होते.

"म्हंजी व्हतं आतमंदी?" तिने विचारलं.

"होतं. बरं झालं तुला वेळेवर कळलं."

"मला कुठं कळलं व्हतं?"

मला वाटलं तिचं बोलणं मला नीट ऐकू आलं नाही. "काय?"

तिने पदराने ओठावरची लाळ पुसली. बोलायला त्रास होत होता म्हणून एकेक शब्द सुटा सुटा करत म्हणाली, "मला वाटलं, ते ठिपके काढले का मी मरनार. लुगडं उगं आनलं व्हतं का?"

मला ती सकाळ आठवली. स्ट्रेचरवर आपणहून चढलेली आक्का, मुठीत दिलेली पोत, दार लागेपर्यंत माझ्यावरून न हललेली नजर. आणि मी तिला हात हलवून दाखवला होता.

"मग आलीस कशाला?" मी विचारलं.

आक्काने कपाळाला आठ्या घातल्या. एवढं शिकवून, मोठी करून मला इतकी साधी गोष्ट कळू नये याचा तिला वैताग आला असावा.

"तू रडायलीस ना," ती म्हणाली.